रुपी बसत नाही

भाईंदर
ता. ९ फेब्रुवारी १९६९

वर काय लिहायचं ते कळेना म्हणून जागा मोकळी सोडली आहे. तुमचं नाव मी कधी घेतलं नाही, आता कागदावर काय घेणार. मंदा झाल्यापासून 'मंदाचे बाबा' म्हणत आले. ते लिहायला बसले आणि हात पुढे जाईना. तेव्हा पत्र तुम्हालाच आहे असं समजा.

धाकूभावोजींचं पत्र आलं. गावाला जाऊन तुम्ही झोपत नाही म्हणे. ओटीवर खांबाला पाठ लावून बसता, मान कलली की उठून अंगणात फेऱ्या मारता. का म्हणून विचारलं तर म्हणालात, एकदा डोळा लागला आणि पोर गेली, आता पुरे. भावोजी मला लिहितात, वहिनी, तुम्ही दोन शब्द लिहून समजूत घाला. मी काय समजूत घालू? टांगा उलटला तेव्हा डोळा लागला होता असं तुम्हीच म्हणालात. मी काही तिथे नव्हते. दसऱ्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट, चार महिने होऊन गेले.

मी बरी आहे. मिठागरावर टोपल्या वाहते. मोर्व्याची रखमाबाई माझ्या जोडीला असते. भात करते, खाते. चव लागत नाही पण खाते. मंदाची दप्तराची पिशवी खुंटीवर आहे तिथेच आहे. काढायला वेळ झाला नाही.

दुसरं. घोडी विकून टाक असा तुमचा निरोप आहे. घेणार कोण? बाळाराम टांगेवाला येऊन बघून गेला. रुपीच्या गुडघ्यांवर हात फिरवला आणि म्हणाला, "वहिनी, फुटक्या गुडघ्यांची घोडी म्हणजे पडणारी घोडी. उत्तनचं गिऱ्हाईक आधी घोडीचे गुडघे बघतं, मग टांग्यात पाय टाकतं. धर्माजीनं गावाला जाताना हिला पण सामानात घालायची होती."

मी म्हटलं, "चहा प्यायचाय की नुसतंच बोलायचंय?"

चहा प्यायला आणि गेला. तो गेल्यावर मी गुडघे नीट बघितले. टांगा एकदाच उलटला. मग खपलीवर खपली कशी? एक वाळलेली, तिच्याखाली दुसरी, आणि एक कालपरवाची ओली. मला समजलं नाही म्हणून लिहिते. तुम्हाला घोड्यातलं जास्त कळतं.

सरू


भाईंदर
ता. ३ मार्च १९६९

उत्तर आलं नाही. नको. मी लिहिते.

काल दुपारी रुपी पडली. टांगा नाही, ओझं नाही. तबेल्यात खुंटीला बांधलेली, उभी. मी चंदीचं घमेलं घेऊन आत गेले तर तिने मान वळवली नाही. हरभऱ्याच्या वासाला जी पाय आपटते ती. मान हळूहळू खाली येत होती, खालचा ओठ लोंबलेला, डोळे अर्धे मिटलेले. मला वाटलं पेंगते आहे. तेवढ्यात पुढचे दोन्ही पाय दुमडले आणि गुडघ्यांवर आपटली. आपटली तशी दचकून उभी राहिली. अंग थरथरत होतं, नाकपुड्या फुगलेल्या. माझ्याकडे असं बघितलं की जशी मीच तिला पाडली.

मी घमेलं धरून तशीच उभी. जरा वेळाने पुन्हा तेच. मान खाली, ओठ खाली, आणि धाडकन.

शेजारच्या सावित्रीने कुडातून बघितलं आणि आळीभर केलं. तासाभरात पाच बाया दारात. एक म्हणाली घोडीच्या अंगात येतंय. सावित्री जवळ येऊन हळू म्हणाली, "सरूबाई, रागावू नकोस हां. पोर हिच्याच टांग्यात गेली ना? तीच येतेय हिच्यात. विचारून तरी बघ, काय पाहिजे तिला." आणि कुंकवाची कुयरी घेऊन घोडीच्या कपाळाकडे निघाली. रुपी बिचकून मागे सरली. मी कुयरी तिच्या हातातून काढून बाहेर पायरीवर ठेवली.

म्हटलं, "माझी पोर नऊ वर्षांची होती. गुडघे टेकून कुणाकडे काही मागायची तिची रीत नव्हती. निघा सगळ्या."

आता सावित्री नळावर बोलत नाही. पाणी लवकर भरून होतं.

बाळाराम म्हणतो मिरगी आहे. त्याला एक माणूस माहीत आहे, वरसाव्याचा बाबाजी. मुंबईला शर्यतीच्या घोड्यांवर मोतद्दार होता, चाळीस वर्षं खरारा केला, आता लेकीकडे असतो. बाळाराम म्हणाला, "तोंडाने फाटका आहे, वहिनी. तुमचं जमेल."

सरू


भाईंदर
ता. १६ मार्च १९६९

बाबाजी येऊन गेला. मला वाटलं पाला वाटून देईल, नाहीतर डाग द्यायला सांगेल. काहीच नाही. तबेल्याच्या दारात गोणपाट टाकलं आणि घोडीकडे बघत बसला. तास झाला, दोन तास झाले.

मी म्हटलं, "बाबाजी, बघून झालं असेल तर सांगा. मला कामावर जायचंय."

"मग जा ना. मी काय तुला बघायला आलोय?"

माझा खाडा झाला. दुपारी रुपीची मान खाली यायला लागली तसा तो पुढे सरकला. ती आपटली, उठली. बाबाजीने तिला हात लावला नाही, नुसता तोंडाने पुचकारत राहिला, ती शांत होईपर्यंत. मग मला विचारतो, "बाई, ही बसते कधी?"

"बसत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे बसतच नाही. कामाची घोडी आहे. घोडे उभ्यानेच झोपतात."

"कोण बोलतं?"

"सगळेच बोलतात."

"सगळे म्हणजे टांग्यात मागे बसणारे. त्यांना घोड्याची शेपटी तेवढी माहीत." मग गोणपाटावर मला बसायला लावलं, मी बसले. तो म्हणाला, "उभ्याने घोडा पेंगतो फक्त. तू कीर्तनात बसून पेंगतेस तशी. खरी झोप लागायला त्याला आडवं व्हायला लागतं, पाय सोडून, मान जमिनीला लावून. लय नको. दिवसातून अर्धा तास, तासभर, बस. पण तेवढी पाहिजेच. नाही मिळाली तर काही दिवस काढतो, आणि मग झोपच त्याला उभ्या जागी धरते आणि पाय सुटतात. हिला मिरगी नाही आणि देव पण नाही. ही पडत नाही, बाई. ही झोपते."

मी विचारलं, मग आडवी का होत नाही.

तो उठला. खुंटीपासून घोडीच्या तोंडावरच्या मोरखीपर्यंत दोरी आपल्या हाताने मोजली. एक हात आणि चार बोटं. "एवढ्या दोरीत मान जमिनीला लागेल का? गळफास बसेल. कुणी बांधली ही?"

मी सांगितलं काय ते.

तो म्हणाला, नुसती दोरी सोडून भागायचं नाही. इथे दुसरा घोडा होता का? मी म्हटलं, बाळारामचा हिरा होता शेजारी, दोन वर्षांपूर्वी त्याने आपला तबेला बांधला आणि घेऊन गेला. "हां. म्हणजे तिथून हिची झोप अर्धी झाली. घोडा पळून जगणारं जनावर आहे. खाली पडला की मेला, हे त्याला आईच्या पोटातून ठाऊक. कळपात सगळे आडवे झाले तरी एक उभा राहतो, कान टवकारून. एकटा घोडा कुणाच्या भरवशावर डोळे मिटणार? तुझ्या?"



आणखी बरंच बोलला. दोन वेळा घमेलंभर चंदी टाकली की झालं असं नसतं. घोड्याच्या तोंडात दिवसभर गवत पाहिजे, घासघास. म्हणून ती खांब कुरतडते, आपण खोडी समजून खांबाला पत्रा मारला. चार पावलं मोकळं फिरायला पाहिजे. लोळायला वाळू पाहिजे. मी म्हटलं, "आणि पलंग?" तर हसला. त्याला समोरचे दात नाहीत.

सरू


भाईंदर
ता. २० एप्रिल १९६९

दोरी पाच हात केली. खांबावरचा पत्रा काढला. खाडीवरून वाळू आणून टाकली, चौदा टोपल्या, त्यावर मोर्व्याच्या खळ्यावरचा पेंढा. रुपी त्यावर उभी राहिली आणि पेंढा खाल्ला.

बसली नाही.

बाबाजी म्हणाला होता की दुसरा घोडा नसेल तर शेळीसुद्धा चालते कधी कधी. रखमाबाईची शेळी आणली. शेळीने उरलेला पेंढा खाल्ला, माझी टोपली खाल्ली आणि घोडीच्या पोटाखाली जाऊन ओरडत राहिली. दोन दिवसांनी परत पाठवली. शेळी जाडी झाली म्हणून रखमाबाई खूश. म्हणाली, "जारी झाली गं माजी शेली, आनखी दोन दीस ठेवाची व्हती."

मग बाळारामकडे गेले. म्हटलं, दुपारी गाड्या नसतात तेव्हा हिरा माझ्याकडे बांध. गवत मी घालीन.

"का? लग्न जमवायचंय?" स्टँडवरचे सगळे हसले.

"तुझं जमलं तसंच जमवायचं असेल तर राहू दे," मी म्हटलं. आणखी हसले. बाळाराम पण हसला. दुसऱ्या दिवशी हिरा घेऊन आला. रुपीने त्याला लांबून ओळखलं. जी हाक मारली, तशी मी ऐकलेली नाही. दोघं एकमेकांच्या मानेवर दात घासत राहिले, खाजवल्यासारखं. अर्धा तास.

तरी बसली नाही. आज बारावा दिवस. मी रोज कामावरून येऊन आधी तिचं अंग बघते. कोरडं, स्वच्छ. मला स्वच्छ अंग बघून राग येतो.

भावोजींचं दुसरं पत्र आलं. विहिरीवर पाणी शेंदताना तुमचा तोल गेला, कठड्याला अडकलात. भावोजी जवळ होते म्हणून. दोन्ही गुडघे सोलवटले आहेत असं लिहिलंय. मी ते वाक्य दोनदा वाचलं. पत्र डाळीच्या डब्यात ठेवलं. मग पुन्हा काढलं.

तुम्हाला झोपायला पाहिजे. नाहीतर पुढच्या वेळी भावोजी जवळ नसतील. तुम्हाला झोप येईल असं सांगण्यासारखं माझ्याकडे आहे. आज नाही लिहीत. बोटांच्या चिरांत मीठ गेलंय, पेन्सिल धरवत नाही.

सरू


भाईंदर
ता. ८ मे १९६९

पेन्सिल तेव्हाही धरवत होती.

आज मिठागर बंद होतं, मुकादमाच्या घरी लग्न. दुपारी मी तबेल्याच्या उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत होते. हिरा दाराकडे तोंड करून उभा होता, एक मागचा पाय सैल सोडून, पण कान बाहेर. रुपीने वाळू हुंगली. एक वेढा घेतला, दुसरा घेतला. मला वाटलं पुन्हा पेंढा खाणार. तिने पुढचे पाय दुमडले, पण आपटली नाही. सावकाश, म्हातारी बाई जमिनीवर टेकते तशी टेकली. मग कुशीवर झाली. मग मान टाकली.

पहिलं मनात आलं ते, गेली. मी सूप खाली ठेवलं. तेवढ्यात तिचे पाय हलायला लागले. आधी थोडे, मग चारही, पळत असल्यासारखे. ओठ हलत होते. शिंगरू करतं तसा बारीक आवाज काढत होती. हिराने एकदा मान वळवून बघितलं आणि पुन्हा दाराकडे बघत राहिला.

मला आनंद झाला असं लिहायला पाहिजे. काही झालं नाही. मी हलले नाही एवढंच. तोंडावर माशी बसली ती पण हाकलली नाही, उठेल म्हणून.

वीसेक मिनिटांनी उठली, अंग झाडलं. पांढऱ्या कुशीवर लिदीचा पिवळा डाग, हा एवढा मोठा. तो बघितला आणि तांदूळ तसेच टाकून लिहायला बसले. आता मध्ये थांबत नाही.

दोरी मी आखडली.

बाबाजीने विचारलं तेव्हा मी 'मालकांनी' म्हटलं. त्याला खोटं सांगितलं आणि तुम्हाला पत्रात गोल लिहिलं. मागच्या वर्षीच्या शिमग्याची गोष्ट. हिरा गेल्यावर पण रुपी कधी कधी बसायची, आठवड्यातून दोनदा तीनदा. बसली की पांढऱ्या अंगाला लिदीचे डाग. पहाटे पहिल्या गाडीच्या आधी तिला धुवायचं काम माझं, पाणी नळावरून आणायचं पण माझंच. शाळेच्या बाई एकदा टांग्यात बसताना नाकाला पदर लावून म्हणाल्या, घोडी धूत नाही का कुणी. मला ते लागलं. त्या संध्याकाळी मी दोरीला खुंटीवर दोन वेढे जास्त दिले. सकाळी घोडी स्वच्छ. मग रोजच दिले. बांधायला मी, सोडून बाहेर आणायला मी. तुम्हाला ती दारात जुंपायला तयार मिळायची. तुम्ही एकदा विचारलंत, "हल्ली रुपी लोळलेली दिसत नाही?" मी म्हटलं, "शहाणी झाली." तुम्ही हसलात.

शिमगा ते दसरा, सात महिने.

दुसरं. डोळा लागला असं तुम्ही म्हणाला नव्हतात. पहिल्या पत्रात मी तसं लिहिलं, ते खोटं आहे. डोक्याला टाके घालून तुम्हाला घरी आणलं तेव्हा तुम्हाला काही आठवत नव्हतं. सारखं विचारत होतात, काय झालं, कसं झालं. पोर आतल्या खोलीत चटईवर होती. मी म्हटलं, "काय होणार? डोळा लागला असेल तुमचा." तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मग मान हलवलीत. ते तुम्हाला आठवलेलं नाही. ते मी दिलेलं आहे.

तिसरं. तिसऱ्या दिवशी रखमाबाई आली होती. तेव्हा माझी तिची ओळख नव्हती. तिने मोर्व्याच्या वळणावर मिठाच्या बांधावरून सगळं बघितलं होतं, म्हणून मुद्दाम चालत आली. ती म्हणाली तसंच लिहिते. "तुजा मालक जागा व्हता गं. हातान लगाम व्हता. पोरीला पान्यातलं बगलं दाखवीत व्हता, पोर हसत व्हती. घोरीची मान खाली गेली न् ती गुरघ्यावं आली. त्याचा काय बी दोस न्हाय."

मी म्हटलं, बरं. आणि कुणाला बोलू नकोस म्हटलं. तिने मला नीट बघितलं आणि गेली. आज सात महिने ती माझ्या जोडीला टोपल्या वाहते, एकदा त्याबद्दल बोलली नाही. मिठागराच्या कामाला मला तिनेच लावलं.

का लपवलं ते सांगते. दोरीचं मला तेव्हा माहीत नव्हतं, पण हे मी सुटायला सांगत नाही. तुम्ही जागे होतात हे मला माहीत होतं. लग्नानंतर बारा वर्षांनी झालेली पोर. ती अशीच गेली, घोडी अडखळली आणि गेली, हे मला सोसवत नव्हतं. कुणीतरी समोर पाहिजे होतं. तुम्ही समोर होतात, डोक्याला पट्टी बांधून. तुम्ही आपणहून सगळं अंगावर घेतलंत आणि मी घेऊ दिलं. गावाला निघालात तेव्हा भाकरी बांधून दिली, तेव्हा पण बोलले नाही. तुम्ही पायरी उतरलात आणि मला हलकं वाटलं. तेही लिहून ठेवते.

तेव्हा डोळा तुमचा लागला नव्हता. घोडीचा लागला होता. तो माझ्यामुळे लागला. मंदाने शेवटी काय बघितलं असेल तर तुम्ही दाखवलेले बगळे.

या असं म्हणत नाही. राग आला तर या आणि आळीत चार माणसांत मला बोला, मी उभी राहीन. यायचं नसेल तर तिथेच राहा. रुपी मी विकणार नाही आणि टांग्याला पण जुंपणार नाही. तुम्हाला ते पटलं नाही तर तसं कळवा, तरी मी ऐकणार नाही.

पण पत्र वाचून झालं की आडवे व्हा. बसून नाही. पाय सोडून, डोकं जमिनीला लावून.

धाकूभावोजी, पुढचं तुमच्यासाठी आहे. ते आडवे झाले की तुम्ही ओटीवर बसा. दाराकडे तोंड करून, पण त्यांनी डोळा उघडला तर तुम्ही दिसाल असे. बोलू नका, पांघरूण घालायला जाऊ नका. ते झोपेत हातपाय मारतील, मारू दे. ते आपणहून उठेपर्यंत जागेवरून हलायचं नाही. पाणीबिणी प्यायचं असेल तर आधी पिऊन घ्या.

सरू